कूलर, सब्बल आणि चहाची पैज: गावात विज्ञानाची गोडी कशी लावता?

मोटरवाला (दारव्ह्याजवळ, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढून राहिलो, चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीच्या मोटरी, पंखे, उन्हाळ्यात कूलर. शिक्षण आयटीआय. मागच्या वर्षी २८ फेब्रुवारीला वाचनालयाच्या पोरांनी गळ घातली, दादा विज्ञान दिन आहे, काहीतरी बोला. मी रात्रभर घोकून गेलो, रामन साहेबांचा प्रकाश विखुरण्याचा शोध १९२८ चा, नोबेल १९३० ला, हा दिवस पाळणं सुरू झालं १९८७ पासून, वगैरे. समोर अठरा माणसं, त्यातले सात पोट्टे, चौघं मोबाइलात, एक बुढा चक्क घोरत. माना वर झाल्या त्या एकाच वाक्याला, की रामन साहेब १९१० च्या सुमारास नागपुरात नोकरीला होते, तेही सरकारी हिशोब खात्यात. "आपल्या नागपुरात?" झालं, मग पुढची दहा मिनिटं नागपूरच. प्रकाश राहिला बाजूला.

मग एप्रिलात दुकानावर एक भांडण झालं. एक जण म्हणे कूलर लावला की दारं-खिडक्या गच्च बंद करायच्या, एसीसारख्या, नाहीतर थंडावा बाहेर जातो. दुसरा म्हणे समोरची खिडकी उघडीच पाहिजे. मले उत्तर माहीत होतं पण मी तोंड उघडलं नाही. म्हटलं लावा पैज, हरला त्याने पारावरच्या सगळ्यांना चहा पाजायचा. समाजमंदिराच्या दोन सारख्या खोल्या, दुकानातले दोन सारखे कूलर, ताट्या (कूलरच्या ओल्या होणाऱ्या गवती जाळ्या) नव्या, दोन थर्मामीटर. दुपारी ३ वाजता सुरू.

पाच वाजेपर्यंत सत्तर-ऐंशी माणूस जमला! बाया पण आल्या, बाहेर उभ्या राहून दोन्ही बाजूंनी बोलून राहिल्या.

आता गंमत ऐका. बंद खोली ३० डिग्री, उघडी ३१. म्हणजे थर्मामीटरच्या हिशोबाने बंदवाला जिंकला. पण आत जो जाईन तो म्हणे बंद खोलीत जीव घाबरा होते, अंग चिपचिप करते, उघडीत बरं वाटते. मंग चहा कोणी पाजायचा? पारावर असं रण माजलं की विचारू नका. एक म्हणे मशीन खोटं बोलत नाही. दुसरा म्हणे अंग तरी काहून खोटं बोलन?

तिथे मी दुसरा थर्मामीटर काढला, त्याच्या खालच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळली. उघड्या खोलीत ओला थर्मामीटर २४ पर्यंत उतरला. बंद खोलीत २८ वरच अडकला. चिंधीतलं पाणी उडून जायला हवा कोरडी लागते, ती बंद खोलीत राहिलीच नव्हती. जे चिंधीचं तेच अंगावरच्या घामाचं. हे सांगायला मले दोन मिनिटं लागली आणि कोणी मोबाइल काढला नाही.

तेव्हापासून महिन्यातून एक शनिवार असंच करतो. आधी पैज, मग माप, कारण सगळ्यात शेवटी. कारण आधी सांगितलं की माणसं उठून जातात, हे मी अनुभवाने सांगतो.

आता अडचण अशी की विषय संपत आले. तुमच्या गावात कोणी काय केलं, काय फसलं, ते सांगा. फसलेलं आधी सांगा.

---

कापूसकोंडा

मस्त धागा भाऊ. पण तुम्ही अर्धंच सांगितलं, जुलैतलं काय? आमच्याकडे अमरावतीले आषाढ लागला की कूलर म्हणजे नुसता पंखा, वरून गादी ओली.

---

मोटरवाला

बरोबर पकडलं. जुलैत तोच प्रयोग पुन्हा केला. मे महिन्यात बाहेर कोरडा थर्मामीटर ४३, ओला २३. म्हणजे कूलरला खेळायला वीस डिग्रीचं मैदान. जुलैत कोरडा ३१, ओला २७. मैदान चारच डिग्रीचं. माझ्याकडे जुलैत गिऱ्हाईक येते, "दादा मोटर कमजोर झाली, हवा थंड लागत नाही," मी आता मोटर खोलतच नाही, त्याले ते दोन थर्मामीटर दाखवतो. धंद्याचं नुकसान आहे पण काय करता.

अजून एक हिशोब लोकांना फार आवडला. एक लिटर पाणी उडून जायला जी उष्णता लागते ती विजेच्या युनिटात मांडली तर साधारण एका युनिटाच्या दोन तृतीयांश. रात्रभरात ३० लिटर पाणी उडालं तर २० युनिट उष्णता हवेतून काढली, आणि मीटरवर कूलरचे पडले दीड-दोन युनिट. बाकीचं काम पाण्याने फुकट केलं. एक काका म्हणाले, मंग पाण्याचं बिल लावा ना!

---

रोजगारसेवक_वर्धा

आमचं सांगतो, सावलीचं. मी कामावर हजेरी घेतो, मे महिन्यात नाला खोलीकरण चालू होतं. जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की १२ वाजता सूर्य डोक्यावर असते. सगळे म्हणाले रोजच असते, त्यात काय. मी म्हटलं रोज नसते, वर्षातून दोनच दिवस असते. कोणी ऐकायले तयार नाही. मंग सब्बल (लोखंडी पहार) उभी गाडली, वरून दगड बांधलेली दोरी सोडून सरळ आहे का पाहिलं, आणि रोज दुपारी सावलीच्या टोकाला चुन्याचं बोट लावायचं ठरलं. दहा-बारा दिवस सावली आखडत आखडत गेली, आणि वर्ध्याकडे २४ मेच्या आसपास सब्बलीची सावली पार बुडाशी गेली. घमेलं उलटं ठेवलं तर त्याची सावली घमेल्याखालीच!

एका बाईने लगेच पकडलं, "पण घड्याळात तं १२ वाजून १२ मिनिटं झाले, बाराले काहून नाही झालं?" खरं सांगतो मी गडबडलो, घरी जाऊन शोधलं. आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं, म्हणजे तिकडे मिर्झापूरजवळच्या सूर्याचं. आपण त्याच्या पश्चिमेला, दर डिग्रीला चार मिनिटं उशीर. त्यात थोडी वजाबाकी पृथ्वीच्या फिरण्याच्या चालीची. दुसऱ्या दिवशी सांगितलं तर ती म्हणे, म्हणजे सरकार आपल्याला रोज बारा मिनिटं लवकर कामावर बोलावते.

यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

चिमूरची_मीरा

हाहाहा बारा मिनिटं! त्या ताईंना ग्रामसभेत पाठवा.

सगळ्यांसाठी: चंद्रपूरकडे हा दिवस २० मेच्या आसपास, नागपूरला २६ मे, मधल्यांनी मधले दिवस धरा. दुसऱ्यांदा जुलैत येतो पण तेव्हा ढग असतात म्हणून मेचाच धरा. आणि दिल्लीवाल्यांना हे कधीच दिसत नाही, ते कर्कवृत्ताच्या वर आहेत. एवढी एक गोष्ट दिल्लीकडे नाही आणि आपल्याकडे आहे, याचा आमच्या शाळेत फार आनंद झाला होता. फक्त शाळांना सुट्टी असते हीच पंचाईत.

---

सदाशिवपेठी

उपक्रम स्तुत्य आहे. परंतु एवढा खटाटोप कशाला? आजकाल यूट्यूबवर उत्तमोत्तम व्हिडिओ आहेत, एक प्रोजेक्टर घ्या आणि दर शनिवारी दाखवा. ग्रामीण भागात अचूक माहिती पोचणं महत्त्वाचं.

---

कापूसकोंडा

प्रोजेक्टर लावू पण लाइन तुमच्याकडून आणा. आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी भारनियमनच प्रमुख पाहुणे असते.

---

मोटरवाला

सदाशिवपेठी साहेब, राग मानू नका, व्हिडिओ मी पण पाहतो, त्यातूनच शिकलो. पण व्हिडिओशी भांडता येत नाही. आमच्याकडे माणूस भांडायले येते आणि जाता जाता शिकून जाते.

---

आशाताई_घाटंजी

मी थोडं वेगळं बोलते. पैज प्रत्येक गोष्टीवर लावू नका. साप चावला की आमच्याकडे अजून आधी मंदिर, मग मांत्रिक, मग दवाखाना. मी नवीन होते तेव्हा सरळ भांडले होते, मांत्रिक खोटा आहे म्हणून. त्या घराने वर्षभर मला दारात उभं केलं नाही. गरोदर सुनेची नोंद पण करू दिली नाही. म्हणजे खरं बोलून मीच नुकसान केलं.

नंतर एक कळलं. मांत्रिकाकडे माणसं बरी होतात हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलेलं असतं, ते खोटं नाहीच. धामण, दिवड, तस्कर असल्या सापांना विषच नाही. आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. तर मी आता बायांच्या बैठकीत पिशवीत वीस चिंचोके नेते, पाच खडूने पांढरे केलेले. पांढरा म्हणजे विष भिनलं. एकीला मांत्रिक करते, ती मंत्र म्हणते, दुसरी डोळे मिटून चिंचोका काढते. मंत्रवाली दहातून सात-आठ वेळा "जिंकते". हसून हसून पुरेवाट होते. मग मी मंत्र बंद करायला सांगते आणि पुन्हा काढायला लावते. तितकेच निघतात.

त्यानंतर मी फक्त एवढं म्हणते की पांढरा कोणाच्या हाती येईल ते मला पण माहीत नाही, त्याला पण नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवरचं इंजेक्शन दवाखान्यात एकच असतं, तिथेच चला, मांत्रिकाला हवं तर गाडीत सोबत घ्या. मागच्या पावसाळ्यात एका घराने खरंच सोबत घेतला! बाई वाचली. श्रेय कोणाला गेलं ते विचारू नका.

मण्यारचं मात्र सगळ्यांना सांगा हो. रात्री झोपेत चावतो, दुखत नाही, सूज नाही, माणूस कूस बदलून झोपतो. सकाळी पापण्या जड झाल्या, पोटात दुखतं म्हणाला तर वाट पाहू नका.

---

मोटरवाला

ताई, तुमचा चिंचोक्याचा खेळ चोरतो. विचारून चोरतो.

---

झाडीपट्टीचा

सिंदेवाही (जि. चंद्रपूर) तालुक्यातून लिहितो. आमच्याकडे विज्ञान आभाळातून पडलं, शब्दशः.

२ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, रात्री आठच्या आत-बाहेर. आभाळात जळते तुकडे ओळीने जाताना दिसले, विदर्भातल्या बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. आणि आमच्या तालुक्यातल्या लाडबोरीत धाडकन एक लोखंडासारखं कडं येऊन पडलं, तीनेक मीटर व्यासाचं, बैलगाडीचं चाक त्याच्यात उभं मावेल असं. आसपासच्या गावांत गोळे सापडले, वरून दोरा गुंडाळल्यासारखे. कोणी म्हणे क्षेपणास्त्र, कोणी म्हणे विमान पडलं, पाडव्याचा दिवस म्हणून कोणी कोपाचं काढलं. नंतर इस्रोचे लोक येऊन पाहून गेले. चीनच्या रॉकेटचा तो तिसरा टप्पा होता, २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेला, वर्षभर वरच फिरत होता.

मुद्दा असा की त्या आठवड्यात आमच्या भागात जेवढे प्रश्न विचारले गेले तेवढे मी जन्मात ऐकले नाही. पानठेल्यावर चर्चा काय, तर सेकंदाला सात-आठ किलोमीटर वेगाने फिरणारी वस्तू खाली का येते. एक गोंड आजोबा म्हणाले, तारा तुटते तेव्हा डोळा लवेपर्यंत संपते, हे तर सावकाश जात होतं, म्हणून तारा नव्हताच. अगदी हेच कारण शास्त्रज्ञ देतात! उल्का ह्याच्यापेक्षा कितीतरी जोरात येते आणि सहसा एक-दोन सेकंदात विझते. आणि गोळे का नाही जळाले, तर पोकळ नि हलके, हवेने लवकर अडवले, त्यात धातू पण सहज न वितळणारा.

फसलं ते पुढे. पंधरा दिवसांनी आम्ही कार्यक्रम ठेवला, बॅनर, पाहुणे, हार, सत्कार. तोपर्यंत प्रश्न थंड झाले होते. बारा माणसं. भजे तेवढे संपले. गरम असतानाच बोलायला पाहिजे होतं, पारावर उभ्या उभ्या.

---

लोणारकर

तुमच्याकडे कडं पडलं, आमच्याकडे लोणारला उल्केचा अख्खा डोंगर पडलाय, थोडा आधी, त्याच खड्ड्यात आता तळं आहे :)

किती आधी याचं भांडण अजून मिटलं नाही. जुनं मोजमाप पन्नास हजार वर्षांच्या आसपासचं होतं, नंतर दगडातल्या आर्गॉन वायूवरून केलेल्या मोजणीत पावणेसहा लाखांच्या घरात आलं. मी पर्यटकांना फिरवतो तेव्हा दोन्ही आकडे सांगतो. आधी भीती वाटायची, लोक म्हणतील शास्त्रज्ञांनाच माहीत नाही तर. उलट झालं, दोन आकडे ऐकले की लोक थांबतात आणि विचारतात, मोजलं कसं? एकच आकडा सांगितला की फोटो काढून पुढे.

लवणासुराची गोष्ट पण मी सोडत नाही. विष्णूने त्याला मारलं आणि त्या खड्ड्यात हे पाणी आलं. लवण म्हणजे मीठ, अन् पाणी खरंच खारट आणि भयंकर अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास. गोष्ट सांगणाऱ्याने पाणी चाखलेलं होतं!

घरी करण्यासारखं सांगतो, पैजेला एकदम फिट. कागदाला ओली हळद लावून वाळवा, पट्ट्या कापा. लिंबू, दूध, ताक, साबणाचं पाणी, धुण्याचा सोडा, चुन्याची निवळी. कशात लाल होईल त्यावर पैज. पोरं नेहमी लिंबावर पैज लावतात आणि हरतात. सोडा, साबण, चुना यांच्यात लाल. म्हातारीला दाखवलं तर म्हणाली यात नवीन काय, आम्ही हळदीत चुना घालूनच कुंकू करत होतो. तळ्याचं पाणी मात्र न्यायला येऊ नका, अभयारण्य आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं तेव्हा बाटल्या घेऊन लोक निघालेच होते. ते मिठात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे झालं होतं, पाणी आटून खारटपणा वाढला होता.

---

बेंबळाकाठी

सगळ्यांना एक उलटा अनुभव. आमच्याकडे एक चमत्काराचा प्रयोग झाला होता, जिभेवर कापूर, मंत्राने आग, ते सगळं. कोणाचा कार्यक्रम ते सांगत नाही, माणसं चांगली होती, तळमळीने आली होती. आग कशी लागली हे त्यांनी नंतर समजावलं पण, जांभळे खडे आणि ग्लिसरीन. पण गावाने काय लक्षात ठेवलं? आग. आठ दिवसांनी दोन पोट्ट्यांनी गोठ्यात तेच करून पाहिलं, कडबा पेटता पेटता वाचला. आणि एक बुढी अजून म्हणते, त्या सायबाच्या अंगात काहीतरी होतं बाप्पा.

मजा आली म्हणजे समजलं असं नाही, एवढंच म्हणायचं होतं. मोटरवाले दादांच्या कूलरात दिखावा काहीच नाही, म्हणून ते डोक्यात राहिलं असं मला वाटतं.

---

कापूसकोंडा

+१. आमच्या वावरातलं पण एक. कामगंध सापळे लावले होते गुलाबी बोंडअळीसाठी, सगळे शेजारी म्हणे हे प्लास्टिकचं काय लटकवलं, नजर लागू नये म्हणून का. त्यातल्या गोळीला मादी पतंगाचा वास असतो, नर तिच्या शोधात येतो नि अडकतो. हे सांगितल्यावर पारावर जे विनोद झाले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत, पण त्या विनोदांमुळेच तालुकाभर सापळा माहीत झाला. मग रोज सकाळी कोणाच्या सापळ्यात किती, याची पैज. सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले की फवारणीचं ठरवायचं, त्याआधी नाही, असं मोजमाप आहे. ज्यांनी मोजलं त्यांचा फवारा वाचला. डोमकळ्या (अळी लागून न उमललेली कपाशीची फुलं) तोडून आतली अळी पोरांना दाखवणं हा माझा आवडता तास.

---

मोटरवाला

मंडळी, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. हळद या शनिवारी. सब्बल लगेच गाडतो, आमचा दिवस २२ मेच्या जवळपास येईल.

तोपर्यंत एक अडलेलं. शेजारची बुढी परवा म्हणाली, "कूलरचं झालं तुझं, आता माठाचं सांग. पहाटेचं पाणी दुपारपेक्षा गार काहून? ऊन तं दुपारी जास्त, पाणी जास्त उडाले पाहिजे." पारावर दोन पार्ट्या पडल्या. मी पण पैजेत उतरलो, म्हटलं माठ दुपारीच जास्त काम करते. काल रात्री थर्मामीटर घेऊन अंगणातच झोपलो.

दुपारी ३: हवा ४३, माठातलं पाणी २७.
पहाटे ५: हवा २९, माठातलं पाणी २१.

---

चिमूरची_मीरा

म्हणजे पाणी पहाटेच गार, आजी बरोबर. पण हवेपेक्षा दुपारी १६ ने खाली, पहाटे ८ नेच. म्हणजे काम दुपारी जास्त, तुम्ही पण बरोबर. मग चहा कोणाकडे?

---

मोटरवाला

तेच भांडण चालू आहे. सध्या बुढीने माझ्या नावावर अकरा चहा सांगून ठेवले.